दुधातला अल्कलाइन फॉस्फेटेज: पाश्चरायझेशन नीट झालं का, हे नळीत कसं पाहावं

कच्चं दूध आणि पाश्चराइज केलेलं, म्हणजे रोगजंतू मरतील इतकं ठरावीक वेळ तापवलेलं, दूध शेजारी ठेवलं तर डोळ्यांना फरक दिसत नाही. लॅक्टोमीटर तेच सांगतो, फॅट आणि एसएनएफही (स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ) तेच येतं. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद राहिलं की ६८ अंशांवरच निसटलं, हे ओळखण्यासाठी दुधातच असलेल्या एका एन्झाइमला विचारावं लागतं. तो म्हणजे अल्कलाइन फॉस्फेटेज. कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावी दूध संस्था, बल्क कूलर आणि छोट्यामोठ्या डेअऱ्या आहेत, त्यामुळे बायोकेमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजी शिकून बाहेर पडलेल्या अनेकांच्या हातात पहिली खरी चाचणी हीच येते. पुस्तकात ती चार ओळींत संपते. प्रत्यक्षात पिवळा रंग दिसतो आणि तो दुधामुळे आला, पावडरमुळे आला की पिपेटमुळे, हेच समजत नाही. म्हणून खाली कृतीइतकीच जागा तुलनेच्या नळ्यांना दिली आहे. त्या नळ्या लावल्या नसतील तर नमुन्याच्या नळीकडे बघण्यात अर्थ नाही.

नळीत नेमकं काय घडतं

फॉस्फेटेज म्हणजे सेंद्रिय रेणूला जोडलेला फॉस्फेट पाण्याच्या मदतीनं तोडून वेगळा करणारा एन्झाइम. अल्कलाइन फॉस्फेटेजचा अधिकृत क्रमांक ईसी ३.१.३.१. त्याच्या सक्रिय जागेत जस्ताचे दोन आयन असतात आणि जवळच मॅग्नेशियमचा एक. फॉस्फेट आधी एन्झाइममधल्या सेरीनवर क्षणभर चिकटतो, मग पाण्याचा रेणू त्याला तिथून सोडवतो. हा एन्झाइम दुधात कासेतूनच येतो आणि बराचसा स्निग्धांशाच्या गोळ्यांभोवतीच्या पापुद्र्याला धरून राहतो. सायीत तो जास्त सापडतो तो यामुळेच. बाटली न हलवता वरून किंवा खालून नमुना घेतला तर उत्तर तिथेच चुकतं.

चाचणीसाठी आपण त्याला पॅरा-नायट्रोफेनाइल फॉस्फेट देतो. हे संयुग रंगहीन आहे. फॉस्फेट तुटला की पॅरा-नायट्रोफेनॉल सुटतो. त्याचा पीके (ज्या पीएचला निम्मे रेणू पिवळ्या रूपात असतात तो आकडा) ७.१५ च्या आसपास आहे, म्हणजे आम्लात तो जवळपास रंगहीन आणि अल्कलीत गडद पिवळा. बफरचा, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा, पीएच १० च्या थोडा वर ठेवलेला असल्यामुळे एन्झाइम जोमानं काम करतो आणि सुटलेला प्रत्येक रेणू लगेच पिवळा दिसतो. वेगळा रंगद्रव घालायची गरज नाही.

दूध गरम केल्यावर हा एन्झाइम मरतो, आणि मरायला त्याला क्षयाच्या जंतूपेक्षा किंचित जास्त उष्णता लागते. ६३ अंशांवर ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद झाली की तो जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे एन्झाइम उरला नसेल तर त्याच्याआधी मरणारे रोगजंतूही गेले, असा हिशोब. १९३३ मध्ये के आणि ग्रॅहम यांनी इंग्लंडमध्ये यावर पहिली चाचणी बसवली. तिच्यात फिनॉल मोजावा लागे आणि ती किचकट होती. १९४९ मध्ये अ‍ॅशाफेनबर्ग आणि मुलेन यांनी नायट्रोफेनाइल फॉस्फेट वापरून ती सोपी केली. आपण करणार आहोत ती हीच. हजार लिटर पाश्चराइज्ड दुधात दोन लिटर कच्चं दूध मिसळलं, म्हणजे साधारण ०.२ टक्के, तरी ती पकडते.

बफर

एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ३.५ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट आणि १.५ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट.

इथे पहिला खड्डा आहे. कपाटातली बाटली निर्जल आहे का, हे लेबलवर वाचा. स्फटिकी धुण्याच्या सोड्यात पाण्याचे दहा रेणू असतात. तो असेल तर ३.५ नव्हे, ९.४५ ग्रॅम लागतो. एका रेणूचा असेल तर ४.१ ग्रॅम. लेबल न पाहता वजन केलं की कार्बोनेट कमी पडतं, पीएच खाली येतो, एन्झाइम मंदावतो आणि खराब दूध पास होतं. ही चूक फार वाईट, कारण ती दिसतच नाही. नळी छान पांढरी राहते.

विरघळवताना पाणी उकळू नका. बायकार्बोनेट तापवलं की कार्बन डायऑक्साइड जातो आणि त्याचंच कार्बोनेट होतं. नळाचं पाणीही नको. त्यातला कॅल्शियम कार्बोनेटशी मिळून गढूळपणा आणतो. पीएच तपासायचा तर थोडं द्रावण वेगळ्या बीकरमध्ये काढून तपासा, इलेक्ट्रोड बाटलीत बुडवू नका. पीएच मीटर लावायला जे ७ चं बफर वापरतो ते बहुतेक वेळा फॉस्फेटचं असतं, आणि मोकळा फॉस्फेट या एन्झाइमला अडवतो. तो त्याच जागेवर जाऊन बसतो जिथे नायट्रोफेनाइल फॉस्फेट बसायला हवा. दुधात स्वतःचा अजैविक फॉस्फेट आधीच भरपूर आहे, त्यात आपण भर घालायची नाही. ‘बफर संपलंय, फॉस्फेट बफर घेऊया’ हा विचार या चाचणीपुरता मनातून काढून टाका.

इडीटीएचंही तेच. तो जस्त ओढून घेतो आणि एन्झाइम निकामी करतो. रक्तचाचणीच्या किंवा डीएनएच्या कामातली काचभांडी इथे वापरायची असतील तर डिस्टिल्ड वॉटरनं तीन-चार वेळा विसळून घ्या.

सबस्ट्रेट

सबस्ट्रेट म्हणजे एन्झाइम ज्याला तोडतो तो पदार्थ. इथे तो पॅरा-नायट्रोफेनाइल फॉस्फेटचं डायसोडियम लवण, सहा पाण्याच्या रेणूंचं. एक लिटर बफरला १.५ ग्रॅम. एवढं एका वेळी करायची गरज नाही. १०० मिली बफरमध्ये ०.१५ ग्रॅम विरघळवा, एका नळीला ५ मिली लागतं, म्हणजे सांडलवंड धरून अठरा-एकोणीस नळ्या होतात.

पावडर डीप फ्रीझरमध्ये, ओल न लागता, उजेडापासून दूर ठेवायची. फ्रीझरमधून काढली की लगेच झाकण उघडू नका. बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर हवेतली वाफ थंड पावडरवर जमते. कोल्हापूरच्या जुलैच्या हवेत तर हे मिनिटभरात होतं. ओल लागलेली पावडर हळूहळू आपोआप तुटते आणि पांढऱ्याची पिवळसर होत जाते.

हे किती नाजूक आहे ते आकड्यांत पाहा. एका नळीत सबस्ट्रेट असतो साधारण २० मायक्रोमोल. दूध नापास ठरवणारी सीमा आहे १० मायक्रोग्रॅम नायट्रोफेनॉल, म्हणजे ०.०७ मायक्रोमोल. म्हणजेच दर २८० रेणूंमागे एक रेणू बाटलीतच आपोआप तुटलेला असेल, तर दूध घालण्याआधीच नळी सीमेवर उभी असते. त्यामुळे वजन ०.१५ ऐवजी ०.१४ ग्रॅम झालं तर फारसं बिघडत नाही, पण पावडर जुनी असेल तर सगळं बिघडतं.

तयार द्रावण तपकिरी बाटलीत फ्रीजमध्ये ठेवा, आठवड्याच्या आत संपवा. रोज वापरण्याआधी ५ मिली एका नळीत घ्या, शेजारी पाण्याची नळी धरा, मागे पांढरा कागद. पिवळी झाक दिसली तर फेकून द्या. ‘थोडंसंच आहे, चालेल’ म्हणू नका.

रंगाच्या प्रमाण नळ्या

मोठ्या डेअरीत लोव्हिबाँड कंपॅरेटर (नळीचा रंग ठरलेल्या रंगांशी जुळवून पाहायचं उपकरण) आणि त्याची रंगचकती असते. नसेल तर अडून राहू नका, रंगाच्या नळ्या स्वतः करता येतात.

१०० मिलीग्रॅम पॅरा-नायट्रोफेनॉल १०० मिली कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा. सावकाश विरघळतो, घाई नको. यातलं १० मिली घेऊन १०० मिली करा. आता एका मिलीत १०० मायक्रोग्रॅम आहेत. पाच नळ्या घ्या आणि त्यांत अनुक्रमे ०, ०.०५, ०.१, ०.२ आणि ०.४ मिली घाला. प्रत्येकीत सबस्ट्रेट नसलेलं नुसतं बफर घालून एकूण ५ मिली करा. मग प्रत्येकीत १ मिली उकळून गार केलेलं दूध. झाल्या ०, ५, १०, २० आणि ४० मायक्रोग्रॅमच्या नळ्या. मायक्रोपिपेट नसेल तर ०.०५ मिलीच्या नादाला लागू नका. १० आणि २० च्या नळ्या नीट झाल्या तरी निर्णय घेता येतो.

नायट्रोफेनॉलचं पाण्यातलं द्रावण फिकट दिसतं म्हणून घाबरून जास्त घालू नका. बफरमध्ये पडलं की रंग खुलतो. हात मोजे घालूनच काम करा, नायट्रोफेनॉल विषारी आहे आणि कातडीतून शिरतो.

प्रमाण नळ्यांत घालायचं दूध नमुन्याच्याच जातीचं हवं. म्हशीचं दूध पांढरंशुभ्र, कारण त्यात कॅरोटिन जवळपास नसतं. गाईच्या दुधाला स्वतःचीच पिवळसर झाक असते. म्हशीच्या दुधात केलेल्या प्रमाण नळ्यांशेजारी गाईच्या दुधाचा नमुना धरला तर चांगलं दूधही पाच मायक्रोग्रॅमचं वाटेल. संकरित गाईंचं आणि म्हशींचं दूध एकत्र येतं तिथे नमुना ज्या मिश्रणाचा, त्याच मिश्रणातलं थोडं उकळून प्रमाण नळ्यांना वापरा.

तुलनेच्या नळ्या

प्रत्येक फेरीत नमुन्याच्या दोन नळ्यांबरोबर या तीन लागतात.

पहिली, त्याच नमुन्याचं उकळलेलं दूध. नमुन्यातलं पाच-सहा मिली एका नळीत घेऊन दोन मिनिटं उकळा, लगेच थंड पाण्यात गार करा. उकळताना नळीच्या वरच्या भिंतीवर उडालेले थेंब तापत नाहीत आणि गार झाल्यावर तेच खाली ओघळून आत एन्झाइम आणतात. म्हणून नळीचं तोंड झाका, उकळत्या पाण्याची पातळी दुधाच्या वर ठेवा, आणि गार झालेलं दूध पिपेटनं मधून काढून कोऱ्या नळीत घ्या.

दुसरी, दुधाऐवजी १ मिली डिस्टिल्ड वॉटर. सबस्ट्रेट दोन तासांत स्वतःहून किती तुटतो ते ही सांगते.

तिसरी, उकळलेल्या दुधात ०.२ टक्के कच्चं दूध. ही नळी पिवळी झालीच पाहिजे. न झाल्यास त्या दिवशीच्या सगळ्या पांढऱ्या नळ्या रद्द, कारण चाचणी चाललीच नाही. नवखे लोक नेमकी हीच नळी टाळतात, कारण कच्चं दूध आणायला जावं लागतं. कोल्हापुरात ती सबब चालत नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हस समोर उभी करून धार काढून देतात, त्या दुधाला विस्तवाचा स्पर्श झालेला नाही याची डोळ्यांदेखत खात्री मिळते. स्वच्छ बाटलीत घ्या, बर्फात ठेवून आणा, त्याच दिवशी वापरा. १ मिली कच्चं दूध अधिक ९ मिली उकळलेलं, म्हणजे १० टक्के. त्यातलं १ मिली अधिक ४९ मिली उकळलेलं, म्हणजे ०.२ टक्के. जनावर आणि वेताचा टप्पा यांप्रमाणे एन्झाइम कमीजास्त असतो, म्हणून या नळीचा रंग रोज अगदी सारखा येणार नाही. तिने स्पष्ट पिवळं दिसावं, एवढीच अपेक्षा.

निव्वळ कच्च्या दुधाची नळीही एकदा शिकण्यासाठी लावून पाहा. काही मिनिटांत पिवळी पडायला लागते आणि पुढे हळदीसारखी होते. ते एकदा पाहिलं की सीमेवरचा फिका पिवळा किती बारीक गोष्ट आहे ते कळतं. पण रोजच्या कामात ती बाकीच्या नळ्यांजवळ ठेवू नका. तिचा एक थेंब चुकून शेजारी पडला की नमुना गेला.

प्रत्यक्ष कृती

वॉटर बाथ ३७ अंशांवर आणा. त्याच्या पडद्यावरच्या आकड्यावर भिस्त न ठेवता तपासलेला थर्मामीटर पाण्यात बुडवून बघा, एक अंश इकडेतिकडे चालेल. पाण्याची पातळी नळीतल्या द्रवाच्या वर हवी.

प्रत्येक नळीत ५ मिली सबस्ट्रेट द्रावण घाला, बूच लावा, बाथमध्ये दहा मिनिटं ठेवून ३७ अंशांवर येऊ द्या. फ्रीजमधून काढलेलं गार द्रावण आणि गार दूध एकत्र करून लगेच घड्याळ लावलं तर पहिली काही मिनिटं वाया जातात आणि निकाल दुधाच्या बाजूनं झुकतो.

नमुन्याची बाटली हलक्या हातानं दहा-बारा वेळा उलटसुलट करा. म्हशीच्या दुधावर साय लवकर धरते. साय चिकटलेली दिसली तर नमुना ३५ ते ४० अंशांपर्यंत कोमट करून मिसळा आणि मगच १ मिली काढा. पिपेट प्रत्येक नमुन्याला नवी, आणि तोंडानं ओढायची नाही. लाळेत फॉस्फेटेज असतो. पिपेटच्या टोकातून लाळेचा अंश गेला तरी पाश्चराइज्ड दूध कच्चं ठरू शकतं.

दूध घातलं की बूच लावून नळी एकदा उलटी करा, वेळ लिहा, बाथमध्ये ठेवा. नळ्या उन्हात किंवा खिडकीच्या थेट उजेडात नकोत. अर्ध्या तासानं एक नजर टाका. तेव्हाच नमुना ठळक पिवळा असेल तर तो कच्चा आहे किंवा त्यात बरंच कच्चं मिसळलंय, संबंधित माणसाला तिथेच कळवा, दोन तास थांबू नका. बाकीच्यांसाठी पूर्ण दोन तास. मध्येच वीज गेली तर नळ्या झाकण असलेल्या थर्मासमध्ये ३७-३८ अंशांच्या पाण्यात उभ्या करा आणि थर्मामीटर आत ठेवा. रुंद तोंडाचा थर्मास प्रयोगशाळेत कायम असावा.

दोन तासांनी नळ्या काढून पुन्हा एकदा उलटसुलट करा, पांढऱ्या कागदासमोर दिवसाच्या उजेडात प्रमाण नळ्यांशेजारी धरा. पिवळसर बल्बखाली वाचन करू नका. आधी त्याच नमुन्याची उकळलेली नळी कोणत्या प्रमाण नळीशी जुळते ते पाहा, मग नमुना पाहा, आणि फरक काढा. फरक १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तर पाश्चरायझेशन समाधानकारक. जास्त असेल तर नापास. दोन जोडनळ्यांत फरक दिसला तर सरासरी काढत बसू नका, पुन्हा करा.

एन्झाइमच्या एककांत हिशोब हवा असेल तर असा: १० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०७२ मायक्रोमोल, ते १ मिली दुधानं १२० मिनिटांत सोडले. म्हणजे दर लिटरला, दर मिनिटाला ०.६ मायक्रोमोल, अर्थात ६०० मिलियुनिट प्रतिलिटर. युरोपात ३५० मिलियुनिटची मर्यादा सांगतात, पण ती चमकणाऱ्या दुसऱ्या सबस्ट्रेटवर आणि वेगळ्या यंत्रावर मोजलेली असते. दोन्ही आकडे थेट एकमेकांशी लावू नयेत.

कॉलेजातून आलेल्यांचा हात इथे लगेच कलरीमीटरकडे जातो. दुधाची नळी तशीच यंत्रात ठेवून काही उपयोग नाही. पांढरेपणामुळे प्रकाश विखुरतो आणि आकडा निरर्थक येतो. झिंक सल्फेटनं प्रथिनं साकळून गाळलं तर द्रव नितळ होतो खरा, पण झिंक कार्बोनेट खाऊन टाकतं, पीएच पडतो आणि पिवळा रंग फिका होतो. तो मार्ग निवडायचा तर गाळलेल्या द्रवात पुन्हा अल्कली घालावी लागते आणि प्रमाण नळ्यांनाही तंतोतंत तीच प्रक्रिया द्यावी लागते. पास-नापास ठरवायला डोळा पुरेसा आहे.

कुठल्या नळीत पिवळं दिसलं, त्यावरून दोष कुठे

पाण्याची नळी पिवळी: सबस्ट्रेट खराब. फेरी रद्द, ताजं द्रावण करा.

पाण्याची रंगहीन पण उकळलेल्या दुधाची पिवळी: उकळणं अर्धवट झालं, न तापलेले थेंब आत आले, किंवा दुधाला मुळातच रंग आहे. केशर-हळदीचं मसाला दूध असेल तर हे होणारच. तिथे उकळलेल्या नळीशी तुलना करूनच बोलावं.

०.२ टक्के कच्च्याची नळी पांढरी: बफर चुकलं, बाथ गार राहिला, भांड्यात फॉस्फेटयुक्त साबण किंवा इडीटीए राहिला, किंवा ते ‘कच्चं’ दूध कच्चं नव्हतं. याच क्रमानं तपासा.

या तिन्ही नळ्या आपापल्या जागी बरोबर आणि नमुनाच पिवळा, तरच बोट दुधाकडे. तिथेही दोन गोष्टी आधी वगळाव्या लागतात.

एक, जिवाणूंचा फॉस्फेटेज. दूध बराच वेळ उबेत राहिलं असेल तर काही जिवाणू स्वतःचा फॉस्फेटेज तयार करतात आणि त्यांतले काही उष्णतेला दाद देत नाहीत. तपासायची पद्धत सोपी आहे. त्याच नमुन्याचा भाग प्रयोगशाळेत ६३ अंशांवर ३० मिनिटं तापवा, गार करा, पुन्हा चाचणी लावा. रंग गेला तर आधीचं पाश्चरायझेशन कमी पडलं होतं. रंग तसाच राहिला तर तो जिवाणूंचा. याच कारणासाठी फाटलेलं किंवा आंबूस दूध या चाचणीला घेऊ नये, आणि दही, ताक, लस्सीवर तर ती करूच नये.

दोन, पुन्हा जिवंत होणारा एन्झाइम. खूप जास्त तापमानाला थोडाच वेळ तापवलेल्या दुधात, आणि विशेषतः क्रीममध्ये, मेलेला अल्कलाइन फॉस्फेटेज साठवणीत पुन्हा काम करायला लागतो. ३४ अंशांच्या आसपास हे सर्वांत जोरात होतं. एप्रिल-मेच्या दुपारी बाहेर राहिलेल्या क्रीमच्या कॅनला नेमकी तीच ऊब मिळते. मॅग्नेशियम दिल्यावर असा पुनर्जीवित एन्झाइम फार वाढतो, मुळात उरलेला मात्र फारसा वाढत नाही. म्हणून नमुन्याचे दोन भाग करून एकात मॅग्नेशियम अ‍ॅसिटेट घालतात, दोन्ही ३४ अंशांवर एक तास ठेवतात. मग मॅग्नेशियमचा भाग उकळलेल्या दुधानं सहापट पातळ करतात. पातळ केलेल्याचा रंग न पातळ केलेल्या साध्या भागाइतका किंवा जास्त आला तर एन्झाइम पुनर्जीवित आहे, कमी आला तर पाश्चरायझेशनच कच्चं राहिलंय. क्रीमचा नमुना नापास झाला तर हे केल्याशिवाय ऑपरेटरला जबाबदार धरू नका. त्याची काही चूक नसेल.

दूध खरंच नापास झालं तर

प्रयोगशाळेनं ‘पॉझिटिव्ह’ लिहून कागद पुढे ढकलला की काम संपत नाही. नमुने कुठून घ्यायचे हे सांगणं प्रयोगशाळेचंच काम आहे.

सतत वाहत्या प्लेट पाश्चरायझरमध्ये तीन ठिकाणं पाहतात: होल्डिंग ट्यूबनंतर (ही नळी दूध ठरलेला वेळ तापलेलं ठेवते), रिजनरेशननंतर (इथे तापलेल्या दुधाची उष्णता येणाऱ्या कच्च्या दुधाला दिली जाते), आणि साठवण टाकीत. होल्डिंग ट्यूबनंतरच पिवळं आलं तर तापमान कमी पडलं किंवा पंप ठरल्यापेक्षा वेगानं ढकलतोय. तिथे ठीक आणि रिजनरेशननंतर पिवळं आलं तर प्लेटला बारीक छिद्र असण्याची दाट शक्यता. या भागात एका बाजूनं कच्चं आणि दुसऱ्या बाजूनं तापलेलं दूध वाहतं. पाश्चराइज्ड बाजूचा दाब नेहमी जास्त हवा, म्हणजे छिद्र पडलंच तर गळती कच्च्याकडे होते. दाब उलटा झाला की कच्चं दूध थेट पिशवीच्या वाटेला लागतं. दोन्हींकडे ठीक आणि टाकीत पिवळं आलं तर व्हॉल्व्ह, जोडपाइप किंवा कच्च्या दुधाला वापरलेली बादली शोधा. दूध पुरेसं न तापल्यास ते मागे वळवणारा व्हॉल्व्ह गळत असेल, तर खुणा कधी दिसतात, कधी नाही. म्हणून उत्पादन सुरू झाल्यावरचे पहिले काही नमुने कमी अंतरानं घ्या.

छोट्या डेअरीत ६३ अंशांच्या टाकीत अर्धा तास ठेवण्याची रीत असते. तिथे दोन जागा हमखास फसवतात. एक म्हणजे फेस. दूध ६३ अंशांवर असलं तरी वरचा फेस गार राहतो आणि ओतताना त्यातलं दूध बाकीच्यात मिसळतं. टाकीच्या वरची हवाही गरम ठेवावी लागते, ढवळणी फेस न करणारी हवी. दुसरी जागा खालच्या तोटीची. तोटीच्या नळीत अडकलेलं अर्धा-पाऊण लिटर दूध टाकीच्या बाहेर राहतं, तापत नाही, आणि पहिल्याच कॅनमध्ये उतरतं. तोटी टाकीच्या भिंतीला लागून बंद होणारी हवी. तशी नसेल तर पहिलं निघणारं दूध परत टाकीत घालून पूर्ण अर्धा तास पुन्हा ठेवायला सांगा.

निगेटिव्ह निकालाची व्याप्तीही नेमकी सांगता आली पाहिजे. दूध पुरेसं तापलं होतं आणि त्यात कच्चं मिसळलेलं नाही, एवढंच तो सांगतो. नंतर पाइपमधून, पिशवीतून किंवा हातातून जंतू आत गेले असतील तर फॉस्फेटेजला ते कळत नाही, त्यासाठी कोलिफॉर्म जिवाणूंची चाचणी आहे. दूध गरजेपेक्षा जास्त तापवलंय का, हेही यातून कळत नाही. त्यासाठी पेरॉक्सिडेज हा दुधातलाच दुसरा एन्झाइम पाहतात. तो ८० अंशांच्या आसपास जातो, म्हणून फॉस्फेटेज निगेटिव्ह आणि पेरॉक्सिडेज पॉझिटिव्ह ही पाश्चराइज्ड दुधाची नीट जोडी. दोन्ही निगेटिव्ह आले तर दूध उकळीच्या जवळ नेलेलं आहे. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत पाश्चराइज्ड दुधासाठी फॉस्फेटेज निगेटिव्ह असणं बंधनकारक आहे, त्यामुळे वहीतली नोंद पक्की हवी: नमुना कुठला, किती वाजता घेतला, बाथचं तापमान, सबस्ट्रेट केल्याची तारीख, तुलनेच्या तिन्ही नळ्यांचं वाचन, आणि मग नमुन्याचं. नुसतं ‘निगेटिव्ह’ लिहिलेली ओळ महिन्याभरानं कुणालाच पडताळता येत नाही.

काम झाल्यावर पिवळ्या नळ्या बेसिनमध्ये ओतू नका. नायट्रोफेनॉलचं वेगळं कॅन ठेवा आणि रासायनिक कचऱ्याबरोबर द्या. नळ्या गरम पाण्यानं, मग फॉस्फेट नसलेल्या साबणानं, शेवटी दोनदा डिस्टिल्ड वॉटरनं धुऊन उलट्या वाळत घाला. रबरी बुचं वेगळी उकळा. दुधाचा पापुद्रा त्यांच्या खाचेत राहतो आणि उद्याच्या पहिल्या नळीत उतरतो.